ऑटोकॅड, त्याचे प्रतिस्पर्धी आणि आपल्या कारखान्यांतील जुनी ड्रॉइंग्ज

मेहरूणकर (धागाकर्ता)

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या चटया, ठिबकचे सुटे भाग, पीव्हीसीची फिटिंग्ज आणि डाळ मिलची यंत्रे बनवणारे जे लहान कारखाने आहेत, त्यांच्या मालकांकडून अलीकडे एकच प्रश्न वारंवार येतो : संगणकावर ड्रॉइंग काढण्याच्या ऑटोकॅड या सॉफ्टवेअरचे दरवर्षीचे भाडे परवडत नाही, तर दुसरे कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? मी ऑटोकॅडच्या डॉसवर चालणाऱ्या बाराव्या आवृत्तीपासून आरेखनाचे काम करत आलो आहे. पुढे सॉलिडवर्क्स, सॉलिड एज आणि इन्व्हेंटर या तिन्हींवर मोल्डची आणि यंत्रांची कामे केली, आणि ऑटोकॅडसारखी दिसणारी स्वस्त सॉफ्टवेअरही गिऱ्हाइकांच्या कार्यालयांत बसवून पाहिली. प्रत्येकाला फोनवर तुटक उत्तर देण्याऐवजी एकदा नीट लिहावे, म्हणून हा धागा काढत आहे.

माझे मत आधी सांगतो. द्विमितीय कामात सॉफ्टवेअर बदलण्याचा धोका आता फार थोडा उरला आहे, त्यामुळे तिथे किंमत पाहून निर्णय घेतला तरी चालतो. त्रिमितीय कामात मात्र एकदा घेतलेले सॉफ्टवेअर सोडणे इतके जड जाते की पहिल्या निवडीच्या वेळी किमतीचा विचार सर्वांत शेवटी करावा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी याच्या उलट चालते. द्विमितीय कामासाठी ‘ऑटोकॅडच पाहिजे’ असा हट्ट धरून वर्षानुवर्षे भाडे भरले जाते (किंवा न भरता ते वापरले जाते, त्याबद्दल पुढे लिहितो), आणि त्रिमितीय सॉफ्टवेअर मात्र विक्रेत्याने मार्चअखेरीस दिलेल्या सवलतीवर ठरते.

द्विमितीय कामात ही मोकळीक कशी आली हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. ऑटोकॅड १९८२ च्या डिसेंबरात विक्रीला आले. त्याची मूळ फाइल डीडब्ल्यूजी स्वरूपाची, आणि त्या स्वरूपाची आतली रचना ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीने कधी प्रसिद्ध केली नाही. देवाणघेवाणीसाठी डीएक्सएफ हे दुसरे स्वरूप दिले आणि त्याचे वर्णन मात्र सर्वांना उपलब्ध करून दिले. पण डीएक्सएफमधून गेलेल्या ड्रॉइंगमध्ये वाटेत काही ना काही गळत असे आणि ते नेमके छापल्यावर लक्षात येत असे. १९९८ साली व्हिजिओ कंपनीने इंटेलिकॅड बाजारात आणले, आणि त्याच वर्षी डीडब्ल्यूजीची रचना स्वतंत्रपणे उलगडून ती सभासद कंपन्यांना वापरायला देणारी संघटना उभी राहिली. तिचे आजचे नाव ओपन डिझाइन अलायन्स. बेल्जियमचे ब्रिक्सकॅड आणि चीनचे झेडडब्ल्यूकॅड ही दोन्ही सुरुवातीला इंटेलिकॅडच्या पायावर उभी होती. पुढे दोघांनीही स्वतःचा गाभा लिहिला. ऑटोडेस्कने २००६ साली ओपन डिझाइन अलायन्सवर दावा लावला, तो पुढच्या वर्षी मिटला, आणि डीडब्ल्यूजी वाचण्या-लिहिण्याचे काम त्यामुळे काही थांबले नाही. शिवाय २०००, २००४, २००७, २०१०, २०१३, २०१८ अशा टप्प्यांनी बदलत आलेले हे स्वरूप २०१८ नंतरच्या अनेक आवृत्त्यांत तसेच राहिले, त्यामुळे मागून येणाऱ्यांना उसंत मिळाली.

याचा परिणाम असा की डाळ मिलच्या एलिव्हेटरचे किंवा चटईच्या मागाच्या फ्रेमचे सर्वसाधारण ड्रॉइंग, त्यातील लेयर, ब्लॉक, हॅच, मापांच्या शैली आणि छपाईच्या वेळच्या रेषांच्या जाड्या यांसह, आज यांपैकी कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडले तर छापलेल्या कागदावर फरक दाखवणे अवघड आहे. आज्ञाही त्याच आहेत. एल दाबले की रेषा, ओ दाबले की ऑफसेट, टीआर दाबले की ट्रिम. ऑटोकॅडने २००९ च्या आवृत्तीत रिबन आणून जुनी मेन्यूंची मांडणी मागे सारली, आणि ज्यांचे हात जुन्या मांडणीवर बसले होते त्यांना तेव्हापासून या स्पर्धकांची मांडणीच अधिक ओळखीची वाटू लागली, हा एक गमतीचा भाग.

अडचण ठरावीक जागी येते. ऑटोकॅडमध्ये केलेले डायनॅमिक ब्लॉक बाहेर दिसतात, पण त्यांची आतली रचना बदलण्याची मुभा प्रत्येक ठिकाणी सारखी नसते. ऑटोकॅड मेकॅनिकलसारख्या वाढीव आवृत्तीत काढलेले बोल्ट आणि बेअरिंग दुसरीकडे नुसत्या चित्रासारखे पडून राहतात. आणि कुणी ऑटोलिस्पमध्ये, म्हणजे ऑटोकॅडच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या भाषेत, स्वतःचे छोटे प्रोग्रॅम लिहून घेतले असतील, तर ते एकेक करून तपासावे लागतात. ऑटोलिस्पवरून आठवले : ऑटोकॅडचे स्वस्त भावंड असलेल्या एलटीमध्ये ही सोय २०२४ च्या आवृत्तीपर्यंत नव्हती. एलटीपेक्षा कमी किमतीत ती देणारे स्पर्धक इतकी वर्षे उभे होते, आणि माझ्या मते एलटीचा बराच ग्राहक ऑटोडेस्कने याच एका हट्टापायी घालवला.

परवान्याबद्दल. ऑटोडेस्कने २०१६ साली कायमस्वरूपी परवाने विकणे बंद केले. त्याआधी एकदा पैसे भरून घेतलेली आवृत्ती संगणक चालेल तोवर वापरता येत असे, आणि मंदीच्या वर्षी नवी आवृत्ती न घेता निभावून नेता येत असे. कापसाचे आणि केळीचे वर्ष वाईट गेले की ठिबकची मागणी बसते, ठिबकची बसली की मोल्डची बसते. अशा भागातल्या कारखानदाराला ठरलेल्या तारखेचे भाडे जाचते, हे पुण्या-मुंबईच्या विक्रेत्याला समजावणे कठीण. ब्रिक्सकॅड आणि झेडडब्ल्यूकॅड कायमचा परवाना विकतात, हे त्यांचे आपल्या दृष्टीने सर्वांत मोठे वैशिष्ट्य. ‘फुकट’ या शब्दावर मात्र विसंबू नये. ड्राफ्टसाइट हे चांगले द्विमितीय सॉफ्टवेअर कित्येक वर्षे मोफत होते; २०१९ अखेर ते मोफत मिळणे बंद झाले. चोरीच्या प्रतीबद्दल एवढेच लिहितो की प्रताधिकार कायद्याच्या कलम ६३ बी नुसार जाणूनबुजून असे सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. इतका स्वस्त कायदेशीर पर्याय उपलब्ध असताना हा धोका पत्करणे मला समजत नाही.

आता त्रिमितीय बाजू, आणि माझा खरा मुद्दा तिथेच आहे.

आकार हा मापांच्या आणि क्रियांच्या क्रमातून घडवावा, म्हणजे एक माप बदलले की पुढचे सर्व आपोआप बदलेल, ही पद्धत १९८० च्या दशकाच्या अखेरीस पीटीसी कंपनीच्या प्रो-इंजिनिअरने रूढ केली. सॉलिडवर्क्सने १९९५ साली ती विंडोजच्या साध्या संगणकावर आणली. त्याच सुमारास सॉलिड एज आले आणि १९९९ मध्ये ऑटोडेस्कचे इन्व्हेंटर. या सर्वांत बटणांची नावे वेगळी असली तरी विचार एकच आहे. ६३ मिलिमीटर पाइपच्या एल्बोचे मॉडेल घ्या. पाइपचा व्यास, भिंतीची जाडी, सॉकेटची खोली, साच्यातून माल सुटावा म्हणून दिलेला उतार, कोपऱ्यांची गोलाई आणि थंड होताना प्लास्टिक आकसते त्याची भरपाई हे सारे एकामागून एक, एकमेकांवर अवलंबून असे लिहिलेले असते. ७५ चा एल्बो हवा असेल तर मुळाशी असलेली मोजकी मापे बदलायची. मॉडेल नीट बांधलेले असेल तर त्याला जोडलेले कोअर आणि कॅव्हिटी (साच्याचे आतला आणि बाहेरचा आकार देणारे भाग) बदलतात आणि कारखान्यात जाणारे ड्रॉइंगही बदलते. मोल्ड करणाऱ्याने मुरलेल्या हाताने कमावलेली समज या क्रमात साठवलेली असते.

हेच मॉडेल स्टेप फाइलमधून (त्रिमितीय आकारांच्या देवाणघेवाणीच्या सामायिक स्वरूपातून) दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेले की आकार जातो, क्रम मागे राहतो. समोर एक अचूक पण मुका ठोकळा येतो. त्यावर व्हीएमसीचा (संगणकाने चालणाऱ्या मिलिंग यंत्राचा) प्रोग्रॅम करता येईल, वजन काढता येईल, पण ७५ चा एल्बो करायचा तर पुन्हा पहिल्या रेषेपासून बसावे लागते. ठोकळा पाहून भोके, गोलाई, उतार ओळखणारी साधने आहेत. साध्या ब्रॅकेटवर ती बरी चालतात, मोल्डच्या गुंतागुंतीच्या पृष्ठभागांवर ती लवकर हात टेकतात. गंमत म्हणजे सॉलिडवर्क्स आणि सॉलिड एज ही दोन्ही पॅरासॉलिड याच भौमितिक गाभ्यावर चालतात. हा गाभा सीमेन्सचा, आणि सॉलिड एजही सीमेन्सचे. म्हणजे सॉलिडवर्क्स हे प्रतिस्पर्ध्याकडून भाड्याने घेतलेल्या गाभ्यावर उभे आहे. त्यामुळे या दोघांत आकाराची देवाणघेवाण अगदी स्वच्छ होते. तरीही क्रम जात नाहीच.

एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांतही हा त्रास आहे. नव्या सॉलिडवर्क्समधली फाइल जुन्यात उघडत नसे. २०२४ च्या आवृत्तीपासून मागच्या दोन आवृत्त्यांपर्यंत जतन करण्याची सोय आली. तोवर पुण्याच्या गिऱ्हाइकाने आवृत्ती वाढवली की जळगावच्या मोल्डवाल्यालाही वाढवावी लागे. ऑटोकॅडमधून २००० सालच्या स्वरूपात आजही फाइल देता येते, त्याच्याशी हे ताडून पाहावे.

सॉलिडवर्क्स, सॉलिड एज आणि इन्व्हेंटर या तिघांत मला सॉलिड एज सर्वांत दुर्लक्षित वाटते. सीमेन्सने २००८ साली त्यात सिंक्रोनस तंत्र आणले. बाहेरून आलेल्या मुक्या ठोकळ्याचे तोंड धरून ओढले, माप दिले, की तो सरळ बदलतो. जॉबवर्क करणाऱ्याला, ज्याच्याकडे दहा गिऱ्हाइकांच्या दहा तऱ्हेच्या फाइली येतात, त्याला हे वरदान आहे. पण जळगावात ते येणारा मुलगा शोधू लागलात तर महिने जातील, आणि सॉलिडवर्क्स येणारा मुलगा दोन फोनवर मिळेल. त्यामुळे मी स्वतः सल्ला देताना सॉलिड एजची स्तुती करतो आणि सॉलिडवर्क्स घ्यायला सांगतो. यात विसंगती आहे, पण कारखाना माणसांवर चालतो.

जाणकारांनी आपापले अनुभव लिहावेत.

अवधान_फॅब

मेहरूणकर दादा, सविस्तर लेखाबद्दल आभार. आमचा धुळ्यात पत्र्याच्या फॅब्रिकेशनचा व्यवसाय आहे आणि गेल्या वर्षी आम्ही ऑटोकॅड सोडून आपण उल्लेख केलेल्यांपैकी एका सॉफ्टवेअरचा कायमचा परवाना घेतला. द्विमितीय कामाबद्दल आपण लिहिले आहे ते आमच्या अनुभवाशी जुळते.

एक भर घालतो. आमची ड्रॉइंग्ज लेझर कटिंगला डीएक्सएफमधून जातात, आणि तिथे सॉफ्टवेअर कोणते यापेक्षा काढणाऱ्याची शिस्त जास्त महत्त्वाची ठरते. एकावर एक दोन रेषा राहिल्या तर यंत्र तीच रेष दोनदा कापते आणि कड जळते. स्प्लाइन (मुक्त वक्ररेषा) वापरलेली असेल तर तिचे शेकडो लहान तुकडे होतात आणि गोलाईवर दात दिसतात. दुहेरी रेषा काढून टाकणारी ओव्हरकिल ही आज्ञा नव्या सॉफ्टवेअरमध्येही आहे, ती फाइल पाठवण्याआधी चालवणे आम्ही सक्तीचे केले आहे.

माझा प्रश्न असा. चौकोनी तोंडाचे आणि गोल बुडाचे हॉपर आमच्याकडे नेहमी येतात. ते आम्ही अजून जुन्या पद्धतीने, पृष्ठभागाचे त्रिकोण पाडून, सपाट पत्र्यावर उलगडतो. त्यासाठी त्रिमितीय सॉफ्टवेअर घेणे योग्य ठरेल का?

अमळनेरी_पुण्यात

मी मूळचा अमळनेरचा, सध्या चाकणला वाहन उद्योगाच्या एका पुरवठादाराकडे आहे. आमच्याकडे कॅटिया या त्रिमितीय सॉफ्टवेअरची पाचवी पिढी, व्ही५, चालते, कारण गिऱ्हाइकाकडे तेच आहे. त्यामुळे ‘कोणते चांगले’ ही चर्चा आमच्याकडे होतच नाही. जळगावच्या मोल्ड कारखान्याला उद्या वाहन उद्योगाचे काम घ्यायचे असेल, तर निवड त्याच्या हातात राहणार नाही हे त्याने आधी लक्षात घ्यावे.

क्रम हरवण्याच्या मुद्द्याला एक मोठे उदाहरण जोडतो. एअरबसच्या ए३८० या विमानाच्या वायरिंगचे काम वेगवेगळ्या देशांतील चमूंकडे होते. जर्मनीतील चमू कॅटियाच्या चौथ्या पिढीवर आणि फ्रान्समधील चमू पाचव्या पिढीवर काम करत होता. दोन्हींतील माहिती नीट जुळली नाही, प्रत्यक्ष विमानात वायरी टाकताना त्या आखूड पडू लागल्या, आणि पहिले विमान ठरल्यापेक्षा पुष्कळ उशिरा, २००७ च्या ऑक्टोबरात, सिंगापूर एअरलाइन्सच्या ताब्यात गेले. कंपनी एक, सॉफ्टवेअरचे नाव एक, केवळ पिढी वेगळी. तिथे हे होते तर सॉलिडवर्क्सकडून इन्व्हेंटरकडे जाणाऱ्याने काय अपेक्षा ठेवावी?

मुक्तस्रोत

धागाकर्त्यांच्या निदानाशी मी सहमत आहे, पण उपायाशी नाही. क्रम हरवतो हे खरे. मग तो क्रम अशा फाइलमध्ये का ठेवू नये, जी कुणाच्याही परवानगीशिवाय उघडता येते? फ्रीकॅड या मुक्त त्रिमितीय सॉफ्टवेअरची फाइल ही साधी झिप केलेली पेटी असते. आत मॉडेलचा क्रम मजकुराच्या रूपात आणि आकार वेगळ्या फाइलींत असतो. कंपनी बंद पडली, भाडे थकले, विक्रेता बदलला, तरी ती उघडते. ओपन कॅस्केड हा त्याचा भौमितिक गाभा १९९९ सालापासून मुक्त आहे.

फ्रीकॅडवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप योग्यच होता. मागच्या पायरीत एखादे भोक वाढवले की पृष्ठभागांचे क्रमांक बदलत, आणि पुढच्या पायऱ्या भलत्याच पृष्ठभागाला जाऊन चिकटत. सहाव्या तोंडावर दिलेली गोलाई अचानक नवव्या तोंडावर दिसे. २०२४ च्या नोव्हेंबरात आलेल्या १.० आवृत्तीत या दोषावर मोठे काम झाले आहे. डीडब्ल्यूजी फाइल मात्र त्यात थेट उघडत नाही, वेगळा रूपांतरक जोडावा लागतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. द्विमितीय कामासाठी लिब्रेकॅड आहे, पण तेही जतन डीएक्सएफमध्येच करते.

किंमत शेवटी पाहावी हे मान्य. पण पहिल्या क्रमांकावर फाइलची मोकळीक असावी, माणसांची उपलब्धता नव्हे.

तंत्रशिक्षिका

मेहरूणकर सर, माणसे कोणत्या सॉफ्टवेअरची मिळतात, हे नेमके कुठे ठरते याबद्दल थोडे लिहिते. मी तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवते. विद्यार्थ्यांना ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर शिक्षणासाठी मोफत मिळतात, त्यामुळे पहिल्या वर्षापासून हात त्यांवर बसतो. पूर्वी शैक्षणिक प्रतीत काढलेल्या ड्रॉइंगच्या चारही कडांना तसा शिक्का छापून येत असे, आणि ते ड्रॉइंग ज्या फाइलमध्ये मिसळले जाई तिलाही तो शिक्का लागत असे. पुढच्या आवृत्त्यांत तोही गेला. विद्यार्थी नोकरीला गेला की तेच मागतो आणि मालक तेच घेतो. स्पर्धा इथेच निम्मी संपते, असे माझे मत आहे.

शिकवताना दिसणारी एक अडचण मात्र कोणत्याही विक्रेत्याच्या पत्रकात नसते. भारतीय मानकांनुसार आपण प्रथम कोन प्रक्षेपण वापरतो, आणि अमेरिकी पद्धतीच्या टेम्प्लेटमध्ये तृतीय कोन असतो. विद्यार्थी टेम्प्लेट न पाहता त्रिमितीय मॉडेलवरून दृश्ये टाकतो, सॉफ्टवेअर ती बिनचूक टाकते, पण वरचे दृश्य खाली हवे तिथे वर येते. हाताने ड्रॉइंग काढणाऱ्याला दृश्ये कुठे ठेवायची हे स्वतः ठरवावे लागत असे. आता ते कुणी ठरवत नाही, आणि कारखान्यात एखादा डावा भाग उजवा होऊन येतो. सॉफ्टवेअर बदलताना टेम्प्लेटमधील प्रक्षेपणाची खूण आधी तपासावी, अशी सर्वांना विनंती.

नंदुरबार_आराखडे

स्थापत्याच्या बाजूने थोडक्यात लिहितो. बांधकाम परवानगीचे नकाशे ठरावीक लेयरच्या नावांनी डीडब्ल्यूजीमध्ये द्यावे लागतात, त्यामुळे आमचे द्विमितीय काम सुटत नाही. रेव्हिट हे इमारतींचे त्रिमितीय सॉफ्टवेअर शिकावे असे सगळे सांगतात, पण दोन मजली घरासाठी गिऱ्हाईक त्याचे पैसे देत नाही, आणि बाहेरून घर कसे दिसेल हे दाखवायला स्केचअप पुरते.

आमची खरी डोकेदुखी मराठी मजकुराची आहे. जुन्या नकाशांवरील गट क्रमांक, शेजाऱ्यांची नावे, ‘सामायिक बोळ’ असे शब्द युनिकोडपूर्व काळातील मराठी फॉन्टमध्ये टंकलेले आहेत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर नकाशा उघडला की शब्दांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. ऑटोकॅड असो वा दुसरे काही, या बाबतीत सगळे सारखेच.

मेहरूणकर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. एकेक करून उत्तर देतो.

अवधानचे भाऊ, आपल्या हॉपरच्या प्रश्नाचे उत्तर संख्येवर अवलंबून आहे. वर्षातून मोजकेच हॉपर असतील तर त्रिकोणांची पद्धत अचूक आहे, ती सोडू नका. दर आठवड्याला वेगळ्या मापाचे येत असतील तर शीट मेटलची सोय असलेल्या त्रिमितीय सॉफ्टवेअरची एक जागा लवकर वसूल होईल. तिथे मात्र के-फॅक्टर, म्हणजे पत्रा वाकताना त्याची लांबी किती धरायची हे ठरवणारा आकडा, आपल्या प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवण्याच्या यंत्रावर), आपल्या पत्र्याची पट्टी वाकवून, मोजून भरावा लागेल. सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून भरलेला आकडा तसाच ठेवला तर उलगडलेला पत्रा संगणकावर बरोबर आणि कारखान्यात दोन मिलिमीटर लांब निघतो, आणि मग दोष सॉफ्टवेअरला दिला जातो.

अमळनेरच्या मित्रांनी दिलेले ए३८० चे उदाहरण मी जपून ठेवणार आहे. गिऱ्हाईक सॉफ्टवेअर ठरवते, हेही खरे. फक्त आपल्याकडच्या ठिबक आणि फिटिंगच्या मोल्डमध्ये गिऱ्हाईक बहुधा नमुना हातात देते आणि म्हणते, ‘असाच करा’. तिथे निवड अजून आपली असते.

मुक्तस्रोत यांचे म्हणणे तत्त्व म्हणून मला पटते. फाइलची मोकळीक पहिल्या क्रमांकावर असती तर हा धागा काढावाच लागला नसता. पण मोल्डच्या कामात मी फ्रीकॅडवर पूर्ण भरवसा ठेवणार नाही. अनेक पृष्ठभाग एका बिंदूत मिळतात तिथे गोलाई देताना ओपन कॅस्केडचा गाभा पॅरासॉलिडच्या मानाने लवकर हार मानतो, आणि फिटिंगच्या मोल्डमध्ये असे बिंदू पावलोपावली असतात. पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग जिथे मिळतात ती रेषा) शोधून कोअर-कॅव्हिटी वेगळे करणारी तयार साधनेही सॉलिडवर्क्सच्या तोडीची नाहीत. याउलट जिग, फिक्स्चर, यंत्राची फ्रेम, कन्व्हेअर अशा सरळ-गोल भागांच्या कामात ते आज खुशाल वापरावे. त्या भागांचा क्रम वीस वर्षांनी उघडेल याची खात्री कुठलेही विकतचे सॉफ्टवेअर देत नाही, आणि फ्रीकॅड ती बरीचशी देते.

मॅडमनी सांगितलेली प्रथम कोनाची गोष्ट मी माझ्या तपासणीच्या कागदावर आजच लिहिली आहे. शिक्षणातच स्पर्धा संपते हेही मान्य. पण द्विमितीय बाजूला ते आपल्या फायद्याचे आहे, कारण ऑटोकॅड शिकलेला मुलगा ब्रिक्सकॅडवर किंवा झेडडब्ल्यूकॅडवर पहिल्याच दिवशी काम करू लागतो. ऑटोडेस्कने मोफत शिकवलेला मुलगा स्पर्धकाच्या उपयोगी पडतो.

मुक्तस्रोत

गोलाईबद्दलचा आक्षेप मान्य. पण मग कोअर-कॅव्हिटीपुरते सॉलिडवर्क्स आणि बाकी सर्व यंत्रासाठी फ्रीकॅड, अशी विभागणी आपल्याकडचा एखादा कारखाना करून पाहील का? दोघांत देवाणघेवाण स्टेपने होईल, आणि मोल्डचा क्रम तेवढा एका जागी अडकलेला राहील.

मेहरूणकर (धागाकर्ता)

करता येईल, आणि एका ठिकाणी तसे सुरू करण्याचा विचार आहे. अट एकच : कोणत्या भागाचा मालक कोणते सॉफ्टवेअर, हे भागाच्या क्रमांकातच दिसले पाहिजे. नाहीतर स्टेपमधून आलेल्या मुक्या ठोकळ्यावर कुणीतरी घाईत बदल करतो आणि मूळ मॉडेल तसेच राहून जाते.

अवधान_फॅब

दादा, हॉपरसाठी एक जागा घेऊन पाहतो. दरम्यान एक शेवटची शंका. नव्या द्विमितीय सॉफ्टवेअरमध्ये काही जुन्या ड्रॉइंगवरील अक्षरे रुंद झाली आहेत आणि मापांचे आकडे रेषांवर चढले आहेत. बाकी भूमिती बरोबर आहे. हे सॉफ्टवेअरचे दोष आहेत का?

मेहरूणकर (धागाकर्ता)

नाही, भाऊ. त्या ड्रॉइंगमध्ये कुणीतरी बाहेरून आणलेला एसएचएक्स फॉन्ट वापरला आहे, तो नव्या संगणकावर नाही, म्हणून सॉफ्टवेअरने त्याच्या जागी दुसरा बसवला आणि त्या फॉन्टची अक्षरे रुंद आहेत. फॉन्टच्या फाइली ड्रॉइंगच्या पोटात जात नाहीत. स्टाइल ही आज्ञा देऊन फॉन्टचे नाव पाहा, त्या नावाची फाइल जुन्या संगणकावर शोधा आणि नव्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये ठेवा. स्वतः बनवलेल्या लाइनटाइपमध्ये अक्षरे किंवा खुणा असतील तर त्यांनाही अशाच फाइली लागतात, त्याही घ्या. हॅचच्या पीएटी फाइली आणि छपाईच्या सीटीबी फाइली त्याच फेरीत उचलून आणा, आणि तोवर जुना संगणक कुणाला फॉरमॅट करू देऊ नका.